अकरा वाजताची खाडी

कोल्हापूरहून समुद्र गाडीने चार तासांवर आहे, पण आमच्या कामात तो कधी येत नाही. मंगळवार पेठेत एका दुकानाच्या माडीवर, दोन खोल्यांत आमचं नकाशे करण्याचं ऑफिस आहे. सोळा वर्षं मी तिथे उपग्रहाच्या चित्रांवरून ऊस मोजते. वारणानगरच्या बाजूला कुठल्या गावात नवी लागण किती आणि तोडणीनंतर पुन्हा फुटलेला खोडवा किती, हे मी खुर्चीतून न उठता सांगू शकते. खाडीचं काम आलं ते पहिल्यांदाच.

काम सांगायला सोपं होतं. कोकणातल्या वेळसुरे नावाच्या गावी (नाव मी बदललं आहे) खाडीत चिखल-वाळूचा एक मोठा पट्टा आहे. भरतीला थोडा उंच भाग सोडून तो पाण्याखाली जातो, ओहोटीला सगळा उघडा पडतो. पाच वर्षांत त्याचा आकार किती बदलला, ते आम्ही चित्रांवरून दाखवायचं. गावात पर्यटकांच्या होड्यांसाठी जेटी बांधायची होती. तिला दोन जागा होत्या, एक या पट्ट्यावर आणि दुसरी वरच्या अंगाला खडपावर, म्हणजे खडकाळ काठावर. पट्ट्यापर्यंत रस्ता तयार होता. पट्टा आपोआपच संपत चालला असेल, तर जेटी तिथे बांधायला कोणाची हरकत राहणार नव्हती.

मी उसाला करते तेच केलं. पाच वर्षांपूर्वीचं जानेवारीतलं एक निरभ्र चित्र घेतलं आणि त्याच तारखेचं यंदाचं घेतलं. उसात तारीख सारखी ठेवावीच लागते, नाहीतर उभ्या फडाशी तोडलेल्या फडाची तुलना होते. दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली. निम्मा पट्टा गेला होता. गेलेला भाग तांबडा रंगवून मी कच्चा नकाशा वेळसुऱ्याच्या ग्रामपंचायतीला पाठवून दिला. तो तिथल्या कार्यालयाच्या भिंतीवर लागला.

आठ दिवसांनी ऑफिसात फोन आला. पलीकडे वयस्कर बाईचा आवाज होता.

“तो तांबडो कागद तुमी केलात?”

मी हो म्हटलं.

“मगे ऐका. तुमी तांबड्यान भरलेली जी जागा आसा, थंय मी काल उभी होतंय. दोन टोपले तिसरे काढलंय.”

तिसरे म्हणजे तिसऱ्या, शिंपल्यांतलं खाणं. मी म्हटलं, चित्रात तर तिथे पाणी आहे. त्या म्हणाल्या, “येवन बघा,” आणि फोन ठेवला.

पक्का नकाशा पुढच्या सोमवारी द्यायचा होता. साहेब म्हणाले, एका फोनसाठी गाडी कशाला पाठवायची. मी म्हटलं, खाली सही माझी असणार आहे. गाडी मिळाली.

मधले मथळे तिथींचे आहेत. जाताना मला तिथी ठाऊक नव्हत्या. का घातल्या ते पुढे कळेल.

वद्य चतुर्थी

गाडी दत्तूची. दत्तू आमच्याच पेठेतला, पन्नाशीचा, आवाज आखाड्यात घुमणाऱ्या पैलवानाचा. घाट उतरल्यावर त्याने खिडकी खाली केली आणि तोंडाने वारा चाखून पाहिला. “मॅडम, खारट लागाय लागलं की. आलंच समजा.” त्यानंतर दोन तास गेले.

वेळसुऱ्याला पोहोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. रस्ता जिथे संपतो तिथे खाडी काठोकाठ भरलेली, पट्ट्याचा उंच भाग वळणाआड. दत्तू उतरला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. “ह्यात कुठं हाय वो पट्टा? समदं पाणीच हाय. तुमचा कागद बरोबर हाय मॅडम, चला माघारी.”

मला क्षणभर बरं वाटलं, हे कबूल करते.

फोन करणाऱ्या बाईंचं घर काठापासून दहाव्या पावलावर. त्यांचं नाव सुलोचना, पण गाव त्यांना सुलूकाकी म्हणतं. पासष्टीच्या, काटक, पिंडऱ्या एखाद्या धावपटूच्या असाव्यात तशा. गावातल्या वीसेक बायका या पट्ट्यावर तिसऱ्या आणि कालवं काढतात. त्यांच्यात काकी सर्वांत जुन्या. मी ओटीवर बसायच्या आत म्हटलं, “काकी, पट्टा कुठे आहे?”

“आता खंय दिसतलो? पाणी भरलेला मां. पाणी सुकल्यार येवा.”

“किती वाजता?”

“पाणी सुकल्यार,” त्यांनी पुन्हा सांगितलं, जरा सावकाश, बहिऱ्याला सांगावं तसं.

आमच्याकडे कुणी भेटायला बोलावलं की घड्याळाची वेळ सांगतो आणि अर्धा तास उशिरा जातो. इथे वेळ पाण्याची, आणि त्या वेळेला कुणी उशिरा येत नाही, कारण पाणी थांबत नाही. शेवटी काकींच्या सुनेने, मनालीने, हिशेब करून सांगितलं, उद्या साडेनऊ-पावणेदहाला पूर्ण ओहोटी असेल.

रात्री जेवायला तिसऱ्यांचं सुकं होतं, ओलं खोबरं भरपूर, सोबत उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी. मी दोनदा वाढून घेतलं. दत्तूने एक तिसरी उघडली, आतला ऐवज पाहिला आणि विचारलं, “एवढंच असतंय व्हय ह्यात?”

“तुमच्या कोंबडीएवढा नसता,” मनाली म्हणाली.

“चव हाय, पर तिखट कुठं हाय ह्यात?”

काकींनी कोपऱ्यातली बरणी पुढे सरकवली. मिरचीचा ठेचा होता. दत्तू पुढचा अर्धा तास गप्प होता. कोल्हापूरच्या माणसाला तिखटाने गप्प झालेलं मी प्रथमच पाहत होते.

वद्य पंचमी

सकाळी नऊला काठावर गेले तर खाडी जागेवर नव्हती. मला दुसरे शब्द सुचत नाहीत. आदल्या दुपारी जिथे पाणी होतं, तिथे करडी, ओली, चमकणारी जमीन दूरवर पसरली होती. मध्ये नांगराच्या तासांसारखे पाण्याचे ओघळ. बगळे त्यांत पाय बुडवून उभे. पाणी पार पलीकडच्या काठाला जाऊन चिकटलेलं. दत्तू म्हणाला, “मॅडम, पाणी पळून गेलं की वो.”

वीस बायका आधीच आत पोहोचल्या होत्या. साड्या गुडघ्यावर खोचलेल्या, कमरेला दोरीने बांधलेली टोपली, हातात लहान कोयता. मी गमबूट घालून निघाले. काकींनी माझ्या पायांकडे पाहिलं.

“ते काढा.”

“चिखलात शिंपले लागतात पायाला.”

“लागले तर रक्त येतला. बूट घालून गेल्यात तर बूट थंयच ऱ्हवतला.”

मी ऐकलं नाही. वीस पावलांवर डावा बूट चिखलात राहिला आणि मी मोजा घालून पुढे गेले. कोणी हसलं नाही. मनालीने तो उपसून खांद्यावर टाकला आणि दिवसभर तसाच मिरवला. दत्तू माझ्या मदतीला धावला आणि गुडघ्यापर्यंत रुतला. त्याला ओढून काढताना मात्र बायका पोटभर हसल्या. “पावण्यांक हयच रोवया, उद्या कोंब येतलो,” एक जण म्हणाली.

माझ्या हातात जीपीएस होतं. ओल्या जमिनीवरून पाण्याच्या कडेकडेने मी चालत गेले आणि दर काही पावलांवर एक बिंदू नोंदवत गेले. नंतर पट्ट्यावर आत, काकींजवळ येऊन नकाशा उघडून पाहिलं, मी कुठे उभी आहे. मी तांबड्या रंगाच्या बरोबर मध्ये होते. जमीन घट्ट होती. माझ्या समोर काकी उकिडव्या बसून कोयत्याच्या टोकाने वाळू उकरत होत्या, आणि तिसऱ्या टोपलीत टक टक पडत होत्या.

सोळा वर्षांत माझा नकाशा थोडाफार चुकला असेल. निम्म्याने चुकला नव्हता.

दुपारी पेज जेवून झाल्यावर मी लॅपटॉप उघडून दोन्ही चित्रं काकींपुढे ठेवली. आपली चूक दुसऱ्याला दाखवली की लवकर सापडते, हा माझा अनुभव आहे. काकींनी चष्मा लावला.

“हा कधीचा?”

मी तारीख सांगितली. “दोन्ही एकाच तारखेची आहेत.”

“तारखेचा काय घेवन बसलात? तिथ सांगा.”

मला सांगता येईना. आमच्या घरी तिथी पाहत नाहीत. आजोबांनी धर्मांतर केलं तेव्हा पंचांग घराबाहेर काढलं, ते परत आलं नाही. पौर्णिमेला विहारात वंदनेला जातो, तेवढीच आमची तिथी. चुकीचं खापर मी त्यावर फोडणार नाही. ऑफिसातले बाकीचे पाचही जण संकष्टी धरतात, त्यांनाही सुचलं नव्हतं. ऊस तारखेने वाढतो, आणि आम्ही सगळे उसातले.

मनालीने मोबाइलवर जुनं पंचांग काढलं. पाच वर्षांपूर्वीचं चित्र वद्य षष्ठीचं निघालं. यंदाचं, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाचं.

काकींनी चष्मा कपाळावर सरकवला. मग म्हणाल्या, “तुमचो तो वरचो कितीक वाजता येता?”

“अकराच्या सुमाराला. दर पाच दिवसांनी येतो, पण नेहमी सकाळी अकराच्या सुमारालाच.”

“कायम एकाच टायमाक?”

“हो.”

“मगे तेका खाडी कशी कळतली?” त्यांनी मनालीकडे पाहिलं, जणू एवढं साधं कोणाला माहीत नसतं. “पाणी रोज पाऊण तास फुडे जाता. पुनवेक आणि अवसेक अकराक खाडी तुडुंब. उधाण ता. तेव्हा फोटो काढलो तर पाणीच दिसतला. सष्टीक अकराक सुकती आसता. पण ती भांगाची सुकती, पाणी पुरा मागे जाणा नाय. सगळ्यात मोठी जागा खुली होता ती पुनवेच्या सांजेक. तेव्हा तुमचो तो खंय आसता?”

तेव्हा तो पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला असतो. म्हणजे या खाडीची खरी मोठी ओहोटी त्याने कधी पाहिलेलीच नव्हती, आणि पुढेही पाहणार नव्हता. आणि मी एक चित्र ओहोटीचं, एक भरतीचं घेऊन, मधल्या पाण्याला ‘गेलेली जमीन’ म्हणून मोकळी झाले होते.

मी म्हटलं, “काकी, नकाशा माझा चुकला.”

“ता माका फोन केलंय तेव्हाच ठावक होता,” त्या म्हणाल्या. “चाय घेतलात?”

संध्याकाळी गमबूट धुताना माझ्या लक्षात आलं की दुसऱ्या दिवशी तिथी षष्ठी आहे आणि उपग्रहाची फेरीही दुसऱ्याच दिवशी आहे. म्हणजे जुन्या चित्राशी तुलना करण्याजोगं, त्याच तिथीचं, त्याच पाण्याचं नवं चित्र मिळणार. आकाश तेवढं निरभ्र हवं होतं. मी हे ओटीवर सांगितलं तेव्हा शेजारच्या चारपाच जणी येऊन बसल्या होत्या.

“मगे आमी दिसतलांव काय त्यात?” एकीने विचारलं.

“नाही. चित्रातला एक ठिपका म्हणजे दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद. माणूस दिसत नाही.”

“माझा घर दिसतला काय?”

“अर्धा ठिपका.”

मग मनाली म्हणाली, “ठिपक्याएवढा कायतरी अंथरला तर?”

याची गरज नव्हती. कड मी जीपीएसने नोंदवणारच होते. पण ग्रामपंचायतीच्या भिंतीवर जीपीएसचे आकडे कोणी वाचत नाही, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, “ताडपत्री चालेल, पण निळी नको. पाण्यासारखी दिसेल. पांढरी हवी.”

पांढरी ताडपत्री कोणाकडेच नव्हती. तेवढ्यात दत्तू, जो तोपर्यंत ठेच्याची बरणी घेऊन बसला होता, बोलला. “फ्लेक्स हाय का कुणाकडं? पाठीमागनं पांढरंच असतंय की.”

वद्य षष्ठी

फ्लेक्सच्या बाबतीत कोकण आणि कोल्हापूर यांत काही फरक नाही. निवडणूक, वाढदिवस, सत्यनारायण झाला की फलक उतरतो आणि कोणाच्या तरी लाकडांवर, गवताच्या उडवीवर किंवा गळक्या पडवीवर चढतो. दहाच्या आत बायकांनी दहा बाय वीस फुटी तेरा फलक जमवले. त्यातले पाच सरपंचांच्या वाढदिवसाचे होते, वेगवेगळ्या वर्षांचे. ओळीने पाहिले असते तर त्यांचे केस कसे मागे गेले तेही मोजता आलं असतं.

आम्ही ते वाहून तांबड्या भागाच्या मध्यावर नेले. दत्तू या वेळी अनवाणी होता आणि मीही. तोंड खाली, पाठ वर करून एकाला एक लावून अंथरले. कडांवर शिंपल्यांनी भरलेल्या टोपल्या ठेवल्या. पंधरा मीटरांचा पांढरा चौकोन झाला. सरपंचांच्या पाच हसऱ्या चेहऱ्यांना चिखल लागला.

अकराला पाच कमी असताना काकी म्हणाल्या, “आता वर बघूचा काय?”

“दिसत नाही तो.”

तरी सगळ्या वर बघत उभ्या राहिल्या. मीही पाहिलं. आकाश स्वच्छ होतं. एक घार होती.

उपग्रह गेला असेल एवढा वेळ थांबून मी उरलेली कड चालायला घेतली. जुन्या षष्ठीच्या चित्रातली कड माझ्या मोबाइलवर होती, आणि पायाखालची कड समोर. तांबडा भाग जवळजवळ सगळा जागेवर होता. पण पूर्वेला, नदी वळते तिथे, मी रेषेच्या आत चालत असताना समोर पाणी आलं. जुन्या चित्रात तिथे जमीन होती. एक लांब पट्टी खरोखरच गेली होती. मी मनालीला मला होडीतून पश्चिमेकडे न्यायला सांगितलं. पलीकडच्या गावाच्या बाजूला तेवढीच नवी जमीन वर आली होती.

हे मी काकींना सांगितलं तेव्हा त्या कोयता धूत होत्या.

“म्हणजे आमची माती तेंका गेली.”

“गेली असं नाही. पट्टा सरकतोय.”

“एकच ता. थंय आमका काढूक देवचे नाय ते.” त्यांनी कोयता झटकला. “पूर्वेक कमी झालाहा, ता माका ठावक होता. बोलूक नाय, कारण सरपंच म्हणात, बघा, संपत इला.”

मी मोबाइल बंद केला. मग विचारलं, “काकी, मी हे नकाशात दाखवू का?” नकाशा माझा होता, विचारण्याचं कारण नव्हतं. तरी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “जा गेला ता दाखवा. जा आसा ताव दाखवा. एकच दाखवल्यात तर मगे तुमच्यात आणि त्या तांबड्या कागदात फरक काय?”

निघायच्या वेळी सरपंच काठावर आले. सभ्य गृहस्थ, स्वच्छ शर्ट. चिखलात पसरलेले फलक त्यांनी पाहिले, पण वरून पांढरेच असल्याने काही विचारलं नाही.

“मॅडम, तुमचा रिपोर्ट आम्ही गृहीत धरला होता. आता बदलणार म्हणता?”

“हो. चुकला होता.”

“यंत्रांचं असं कसं चुकतं?”

“यंत्राचं नाही चुकलं. माझं चुकलं. दोन वेगवेगळ्या पाण्यांची चित्रं मी एकत्र ठेवली.”

“ह्या बायकांनी सांगितलं म्हणून?”

“त्यांनी सांगितलं, मग मी चालून पाहिलं. तुम्हीही या चालून. बूट मात्र काढावे लागतील.”

ते आले नाहीत. पण ग्रामसभेत पक्का नकाशा लागेल, असं म्हणाले.

परतताना काकींनी कोकमाची वाळवलेली सोलं आणि तिसऱ्यांचा डबा दिला. दत्तूने ठेचा मागून घेतला. घाट चढताना तो म्हणाला, “मॅडम, आपल्याकडं पंचगंगेला असला ताप न्हाय. पावसात येतंय पाणी आन जातंय.”

मी म्हटलं, “आपल्याकडे आलं की महिनाभर बातम्यांत असतं. यांच्याकडे दिवसातून दोनदा येतं आणि कोणी बोलत नाही.”

“त्ये बी खरं हाय.”

कोल्हापूर

चित्र दोन दिवसांनी मिळालं. मी पट्ट्यावर नेऊन ते मोठं करत गेले. करड्या, हिरवट ठिपक्यांच्या मध्यभागी एक ठिपका पांढराशुभ्र होता, भोवतीचे दोनतीन फिकट. ऑफिसातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला. दत्तूलाही खालून बोलावलं. तो स्क्रीनला नाक लावून म्हणाला, “एवढ्या लांबनं? आन माझा पाय रुतलेला दिसतोय का?”

पक्का नकाशा रविवारी बसून केला. दोन्ही चित्रं षष्ठीची. गेलेली पट्टी तांबडी, आलेली हिरवी, आणि मधला मोठा भाग, जिथे पांढरा ठिपका होता, तसाच ठेवला. खाली ठळक लिहिलं, की उपग्रह भांगाचीच ओहोटी पाहतो, खरा पट्टा याहून मोठा आहे. कोपऱ्यात तारखेशेजारी तिथी आणि ओहोटीची वेळ घातली. साहेब म्हणाले, “नकाशावर तिथी? लोक हसतील.” मी म्हटलं, हसू देत, पण ती काढली तर सही तुमची करा. तिथी राहिली. ऑफिसच्या भिंतीवर आता तिथींचं कॅलेंडर आहे, आणि ते आणलं मीच.

महिनाभराने काकींचा फोन आला. या वेळीही नमस्कार वगैरे नव्हताच.

“ग्रामसभा झाली.”

“मग?”

“जेटी खडपार. ठराव लिवन घेतलो. पलीकडच्या गावावांगडा बोलूचा ठरला, आमका थंय काढूक गावता काय ता. ता सोपा नाय.”

“आणि सरपंच?”

“तेनी सगळ्यांसमोर इचारल्यान, नकाशात मधी ह्या पांढरा काय आसा.” मागे बायकांचा आवाज येत होता, टोपल्या एकमेकींवर आपटत होत्या. “मी सांगितलंय, तुमचो वाढदिवस.”

मी हसले. त्या हसल्या नाहीत, निदान फोनवर तरी.

“आता ठेवतंय,” त्या म्हणाल्या. “पाणी सुकता.”